दोन-आठच्या बांगड्या

१९ मे

आणि परत तेच. हात उघडे. आज पाठवलेल्या फोटोतही एक बांगडी नाही. मागच्या आठवड्यात विचारलं तर म्हणे घट्ट होतात, परवा विचारलं तरी घट्ट होतात. लग्नात ज्या सरकन चढल्या त्या आता घट्ट कशा होतील? काच काय धुतल्यावर आटते? मी म्हटलं, नवरा जिवंत असताना उघड्या हातांनी पोखरीच्या तळ्यावर पाणी आणायला जातेस, लोक काय म्हणतील. कुंतला म्हणाली, "लोकांना सांगा, साबण घेऊन या आणि चढवून दाखवा." आणि फोन ठेवून दिला. या महिन्यात असं कितव्यांदा झालं कोण जाणे.

अर्त भाईने वरच्या खाटेवरून सगळं ऐकलं. तो आमच्या ओडिशातल्या केंद्रापाड्याचाच, शेजारच्या गावचा. मस्कतला माझ्या खूप आधी आला, नळाचं काम मला त्यानेच शिकवलं. म्हणाला, "दइतारी, फोनवर बोललेलं परत गिळता येत नाही. आधी वहीत लिहीत जा, म्हणजे निम्मंच बोलशील." वही त्यानेच दिली. मी सातवी नापास. तरी लिहितोय. निम्मं बोलून दाखवतो म्हणावं.

२४ मे

सुट्टी. घरी व्हिडिओ कॉल लागला. बांगड्यांचा विषय काढला नाही.

कुंतलाचा चेहरा बघून मला हसूच आलं. केवढी गोल झालीय. गालफडं होती तिथे गाल आलेत. आली तेव्हा काडी होती. बोउने, माझ्या आईने, फोन ओढून घेतला. "बघ, सासूने उपाशी ठेवली म्हणून कुणी म्हणू नये. सकाळी पखाळ भात, सुकट, रात्री माशाचं कालवण. अंग भरलं की समजावं, पोरगा आहे."

मागून टुकुनाने डोकं घातलं. माझा धाकटा भाऊ. पठ्ठ्याने केस तांबडे केलेत आणि सगळे वर उभे. मी म्हटलं, हे काय, डोक्याला गंज चढला का? म्हणतो, "भाइना, रज परबेसाठी केलेत, सणाला. यांच्यावर खर्च झालाय, हसू नकोस." कुंतला म्हणाली, "भावजींचे केस घरातले तिसरे माणूस आहेत. त्यांना वेगळं ताट वाढावं लागतं." सगळे हसलो. फोन ठेवताना छान वाटलं.

तो गोल चेहऱ्याचा फोटो मी कॅम्पात सगळ्यांना दाखवला. म्हटलं, हे बघा, आपला पगार कुठे जातो. अर्त भाईने फोटो जरा जास्तच वेळ बघितला. "पायही सुजलेत का रे?" मी म्हटलं, सुजले कशाला, भरलेत. त्याने फोन परत दिला. त्याला मूल नाही, त्याला काय कळणार.

२ जून

आजपासून दुपारची कामबंदी सुरू. ऊन इतकं की सरकारच काम थांबवतं. तळघरात पाइपांच्या ढिगावर बसून लिहितोय.

गावची आशा दीदी घरी आली होती. दंडाला पट्टा बांधून बघितलं, म्हणाली प्रेशर फार आहे, केंद्रापाड्याच्या दवाखान्यात दाखवा. बोउ म्हणाली, "प्रेशर कुणाला नाही? मला नाही? तुला नाही? बाई, तुला दवाखान्यात नेल्याचे पैसे मिळतात, ते तू घे, पण माझ्या सुनेला उन्हात फिरवू नकोस." आशा दीदी रागावून गेली. बोउने हे सगळं मला नक्कल करून सांगितलं. मी पण हसलो.

कुंतलाला विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतं. मी म्हटलं, मोबाइल कमी बघ. म्हणाली, "तुम्ही मोबाइलमधेच राहता. बघू नको तर कुठे जाऊ?"

उद्या कामावर चौथ्या मजल्याची लाइन.

७ जून

रात्रभर तिला छातीखाली जळजळ होते, उलटी होते. बोउ म्हणते बाळाला केस दाट आहेत म्हणून जळतं. टुकुना म्हणतो, म्हणजे काकावर गेलंय.

तिने आज आणखी एक सांगितलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, दिवसाढवळ्या. मी म्हटलं, फुकट दिवाळी. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही इथे असता तर तुमचा चेहरा त्या काजव्यांतून दिसला असता. आता कुणाचा बघू?" आजकाल कसंही बोलते. पोटुशी बाई म्हणजे अशीच, असं सगळे म्हणतात.

१३ जून

काय करावं कळत नाही. एकेक लिहितो.

कुंतला काल परसात भिंत धरून खाली बसली. टुकुनाने बोउला न विचारता आशा दीदीला बोलावलं आणि दोघांनी तिला रिक्षात घालून केंद्रापाड्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बघितल्या बघितल्या सांगितलं, आजच्या आज कटकला मोठ्या दवाखान्यात न्या. पोट उघडून मूल बाहेर काढावं लागेल. नाही काढलं तर दोघांनाही धोका. टुकुना म्हणाला, गाडीसुद्धा उभी केली होती त्यांनी. पण बोउ मागोमाग तिथे पोहोचली. माझ्या मुलाचा शब्द आल्याशिवाय सून हलणार नाही, असं सांगून तिला घरी घेऊन आली.

आता शब्द माझा. मी इथे, पाच महिने झाले घर सोडून, आणि शब्द माझा.

बोउ म्हणाली, "आठव्यातलं मूल आहे, दइतारी. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. तुझ्या पीसीचं काय झालं विसरलास? आणि उद्यापासून रज. तीन दिवस भुई विटाळशी. नांगर लावत नाही आपण, कुदळ लावत नाही, विळीवर भोपळासुद्धा चिरत नाही. आणि ती बाई म्हणते, पोट चिरा."

टुकुना म्हणाला, "बोउ, त्या डॉक्टर आहेत."

"कुठल्या गावच्या?"

"बालेश्वरच्या असतील."

"मग बालेश्वरला रज नसते? तिच्या आईला विचार जाऊन."

मग कुंतलाने फोन घेतला आणि परसात गेली. कोंबड्यांचा आवाज येत होता. हळू बोलत होती. "ऐकताय का? मला जाऊ द्या. भुईला सुरी लावू नये हे खरं. पण भुईचं डोकं दुखत नाही हो. मला धड दिसत नाही. सकाळी मला दोन-दोन बोउ दिसल्या."

मी म्हटलं, एक बोउ झेपत नाही, तू दोन बघतेस. तिला हसवावं म्हणून म्हटलं.

ती म्हणाली, "तुम्ही हो म्हणा. त्या तुमचंच ऐकतील."

मला पीसी, माझी आत्या, आठवली. मी लहान होतो, पण तिचं ते फडक्यात गुंडाळलेलं आठव्यातलं मूल आठवतं. बापा ते घेऊन नदीकडे गेले होते. आणि रजेत कापाकापी केली आणि काही झालं तर जन्मभर बोउ म्हणणार, तू म्हणालास म्हणून. तीन दिवस म्हणजे किती. तीनच.

मी म्हटलं, रज होऊ दे. चौथ्या दिवशी भुई न्हाली की सकाळीच गाडी. तोवर पडून राहा, मीठ खाऊ नकोस.

मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

भांडली नाही. दरवेळी भांडते, आज भांडली नाही. त्यामुळे मला बरं वाटलं. ठीकच केलं असावं मी.

१४ जून

पहिली रज. टुकुनाने फोटो पाठवला. आंब्याला झोपाळा बांधलाय आणि त्यावर कुंतला बसलीय. नवं लुगडं, केसात फूल, पायाला लाल अळता. हसतेय. पाय मात्र केवढे दिसतात. अळत्याची रेघ पावलावर तुटून गेलीय, फुगलेल्या भाकरीला चीर जावी तशी. फोटो जवळून काढला म्हणून असेल.

फोनवर म्हणाली, बोउने आज चूल पेटू दिली नाही, कालचा भाजलेला पिठा, तांदळाचा गोड रोट, तोच खायचाय, आणि आज सासूबाई स्वतः तिचं डोकं चेपत बसल्यात. "तुमच्या बोउ वाईट नाहीत हो. घाबरल्यात. माझ्याइतक्याच घाबरल्यात, फक्त आवाज मोठा आहे."

मला एकदम भरून आलं. म्हटलं, तुझ्या बांगड्यांवरून मी उगीच तोंड सोडलं. आता कुठलं माप बसेल? म्हणाली, "लग्नात दोन-चार. आता दोन-सहाही चढत नाही. दोन-आठ लागेल, म्हशीला घालतात तसं." मी म्हटलं, रज झाली की बांगडीवालीला घरी बोलव, लाल दोन-आठच्या घे, दोन्ही हात भरून. सहाशे मी वेगळे पाठवतो. घरखर्चात मिसळू नकोस.

"नक्की?"

नक्की म्हटलं.

१५ जून

आज ती फोनवर आली नाही. झोपलीय म्हणे. झोप चांगली.

१६ जून

अक्षर येईल तसं येईल.

सकाळी चौथ्या मजल्याच्या लाइनची चाचणी होती. आमच्या कामात असं असतं. पाइप जोडले की सगळी तोंडं बंद करायची, पंपाने आत प्रेशर भरायचं आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा कुठवर जायचा ते ठरलेलं असतं. मी बघत होतो, पण मन घरी. काटा वर गेला, आणखी वर गेला. वर्गीस फोरमन जिन्यातून ओरडत आला. "काय बघतोस? सोड ते. आधी प्रेशर सोड, मग विचार कर." मी झडप उघडली. पाणी भिंतीवर आदळलं आणि आम्ही दोघं भिजलो.

मी तसाच ओला उभा राहिलो. अर्त भाईला विचारलं, "हा पाइप असाच भरून तीन दिवस ठेवला असता तर टिकला असता का?"

अर्त भाई म्हणाला, "पाइपला सण कळतो का?"

आणि मला कळलं. आशा दीदी पट्टा बांधून तेच बघत होती. डॉक्टरीणबाई तेच सांगत होत्या. चेहरा, पाय, बोटं, काजवे, सगळं एकच होतं. मी काटा रोज फोटोत बघत होतो आणि लोकांना दाखवत होतो.

जिन्यातच फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत. शेवटी टुकुनाने उचलला, मागे गाडीच्या भोंग्याचा आवाज. मी म्हटलं, "तिला आत्ताच्या आत्ता कटकला ने. बोउला सांग, मी म्हणतोय."

टुकुना म्हणाला, "भाइना, वाटेतच आहोत. पहाटेपासून भाउजला झटके येतायत. दात बसलेत. बोउला वाटलं बाहेरचं काही लागलं, तिने झाडफूक करणाऱ्या गुणियाला बोलावलं, त्यात वेळ गेला. आता बोउच म्हणाली चल. बोउ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय."

मागून बोउचा आवाज येत होता. शिव्या नाहीत, गाऱ्हाणं नाही. एकच, "बघ ग माझ्याकडे. लेकी, बघ ना माझ्याकडे."

बोउने तिला आजवर लेक म्हटलं नव्हतं.

१७ जून

मुलगी झाली. रात्री पोट उघडून काढली. फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडली म्हणे. आठव्यातली आहे आणि रडली.

कुंतला आयसीयूमध्ये. शुद्ध नाही. आत कुणाला सोडत नाहीत.

आज तिकडे भुईचं न्हाणं.

१८ जून

ऑफिसात जाऊन रजा मागितली. साहेब म्हणाला, पासपोर्ट महिनाअखेरीला मिळेल. त्याआधी जायचं तर नोकरी सोडून जा. मी म्हटलं, सोडतो. घरी सांगितलं तर बोउ फोनवर आली. आवाज बसलेला, ओळखूच येईना. म्हणाली, "येऊ नकोस. आता येऊन काय करशील? पोर पेटीत आहे, औषधं बाहेरून आणावी लागतात. तू तिथेच राहा, बाबा."

मी म्हटलं, कुंतलाशी बोलू दे.

"झोपलीय ती."

"डोळे उघडले का?"

बोउ म्हणाली, "लाल बांगड्या घातल्या रे तिला. दोन-आठच्या. दोन्ही हात भरून. पायाला अळता लावला, भांग भरला. मी स्वतः केलं सगळं. तू काही काळजी करू नकोस."

मग तिने फोन टुकुनाकडे दिला.

मी अर्त भाईला सांगितलं, बघ, आयसीयूत बांगड्या घालू दिल्या म्हणजे तब्येत सुधारली असणार. अगदी आजारी माणसाला कोण घालू देईल. अर्त भाई म्हणाला, "हो." आणि टाकीवर तोंड धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

२१ जून

मुलीचा फोटो आला. डोळे मिटलेले, नाकात नळी, डोक्यावर खरंच दाट केस. पेटीच्या भोकातून बोउचा हात आत गेलाय आणि तिचं एक बोट पोरीने धरलंय.

मी कळवलं, आईबरोबर काढ एक. टुकुनाचं उत्तर आलं, आईला दुसऱ्या वॉर्डात ठेवलंय.

आवाज तरी ऐकव म्हटलं. तर म्हणे तोंडात नळी आहे. मग कानाशी फोन धर, मी बोलतो, तिने नुसतं ऐकावं. टुकुना म्हणाला, "धरतो." मी बोललो. पुष्कळ बोललो. म्हटलं, माझं चुकलं, तू हो म्हणा म्हणालीस तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं. म्हटलं, तू बरी झालीस की भांड, हवं तेवढं भांड, फोन मी ठेवणार नाही. पलीकडून श्वास ऐकू येत होता. नाक ओढल्याचाही आवाज आला. नळी असताना तसा आवाज येत असेल.

तिने ऐकलं असेल.

२४ जून

कॅम्पात सगळे माझ्याशी नीट वागतायत. माझी भांड्यांची पाळी दुसरेच करतात. वर्गीस फोरमनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. अर्त भाईचा फोन आला की तो बाहेर उन्हात जाऊन बोलतो. त्याच्या गावात आणि आमच्या गावात एक शेत आडवं आहे फक्त.

मी त्याला विचारू शकतो. तो माझ्याशी खोटं बोलणार नाही, म्हणूनच विचारत नाही.

घरी विचारलं, आज जेवायला काय. बोउ म्हणाली, भात आणि उकडलेलं. मासे? म्हणाली, मासे आणले नाहीत. मीठमसाला काही? "उन्हाळ्याचं नको वाटतं, बाबा." असेल. उकाडा आहेच तिकडे.

मुलीने पेटीबाहेर पाच थेंब दूध घेतलं. परिचारिकेने कापसाने दिलं. दूध कुणाचं, ते विचारलं नाही.

२६ जून

टुकुनाचा फोन. पैसे लागतील म्हणाला, परवाच्या आत. मी म्हटलं, पोरीच्या औषधांना? तो म्हणाला, "हो, पोरीलाही." मी म्हटलं, एकविसाव्या दिवशी एकोईशा करायची ना, नाव ठेवायला? खीर, गावजेवण? टुकुना म्हणाला, "एकोईशाचं नंतर बघू, भाइना. आत्ता नाही चालत."

का चालत नाही, ते मी विचारलं नाही. मुलगी अशक्त आहे, म्हणून असेल.

२७ जून

आज व्हिडिओ कॉल मी केला, न सांगता. टुकुनाने घाईत उचलला. नदीकाठ मागे दिसत होता. डोक्याला गमछा गुंडाळलेला. मला बघून तो फोन दुसऱ्या हातात घ्यायला गेला आणि गमछा सुटला.

डोकं पूर्ण भादरलेलं. ओलं. ऊन चमकत होतं त्यावर.

तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे.

"उवा झाल्या होत्या, भाइना," तो म्हणाला.

मी म्हटलं, "बरं केलंस. रंगाने खराबच झाले होते. आता दाट येतील."

"हो."

"गमछा बांध. ऊन लागेल."

त्याने बांधला. एकोणीस वर्षांचं पोर. मागे कुणीतरी त्याला हाक मारली, गुरुजींनी बोलावलंय म्हणून. मी फोन ठेवला. त्याला सांगावं लागू नये म्हणून ठेवला. मी विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं, आणि मग ते झालं असतं.

२८ जून

पैसे पाठवायच्या दुकानात अर्त भाई बरोबर आला. त्याने त्याचे दहा हजार माझ्या हातात घातले, मी नको म्हटलं नाही. टुकुनाने सांगितले होते बेचाळीस.

खिडकीपाशी मी आणखी सहाशे काढले. अर्त भाई हळूच म्हणाला, "ते राहू दे रे."

मी म्हटलं, "बोउने बांगड्या उधारीवर आणल्या असतील. दोन-आठच्या. मी तिला नक्की म्हटलं होतं. घरखर्चात मिसळायचे नाहीत, वेगळे आहेत."

तो म्हणाला, "दइतारी."

मी म्हटलं, "राहू दे म्हणू नकोस."

खिडकीतल्या माणसाने विचारलं, कशासाठी पाठवताय, लिहावं लागतं. मी म्हटलं, घरखर्च, मुलगी झालीय. त्याने अभिनंदन म्हटलं आणि आकडा मला मोठ्याने म्हणायला लावला, चूक होऊ नये म्हणून. मी म्हटला.

बेचाळीस हजार सहाशे.